होडी पाण्यात, घर जोत्यावर

या खेपेला पाककृती नाही की डाग काढायच्या युक्त्या नाहीत. नागपूरच्या प्रतापनगरहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलंय. तसाच प्रश्न मनात घोळत असलेल्या तुमच्यापैकी पुष्कळजणी असतील, म्हणून आजचं सदर त्या पत्रालाच वाहिलंय.

पत्रातली हकिगत थोडक्यात अशी. यजमान येत्या वर्षी निवृत्त होणार. त्यांचं लहानपण वैनगंगेकाठी गेलं, डोंग्यात बसल्याशिवाय त्यांना सुट्टी लागल्यासारखं वाटायचं नाही. आता फंडाचे पैसे हाती येतील, प्रतापनगरचा फ्लॅट विकला की त्यात भर पडेल. मग पाण्याकाठी घर घ्यायचं आणि दारात स्वतःची होडी बांधायची, असा त्यांचा बेत आहे. तीन जागा डोळ्यांपुढे आहेत. एक, तिथून जवळच, अंबाझरी तलावाच्या बाजूचा फ्लॅट. दुसरी, शहरापासून तासाभरावर, एका जलाशयाच्या काठचा प्लॉट. आणि मुलगा मुंबईला नोकरीला, म्हणून तिसरी जागा थेट कोकणात, खाडीकाठचं जुनं कौलारू घर. तिन्ही जागा पाहून झाल्या त्या दिवाळीनंतर, कोवळ्या उन्हात. तिन्ही आवडल्या. यातली कुठली घ्यावी?

आणि अगदी शेवटी, सही करून झाल्यावर, समासात बारीक अक्षरात एक ओळ: मला पोहता येत नाही.

मैत्रिणींनो, त्या चार पानांत मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही समासातली ओळ. घर कसं दिसतं ते चार पानं सांगतात, आणि त्या घरात राहायचं कुणाला आहे ते ही ओळ सांगते. आपण तिला धरूनच पुढे जाऊ या.

पाणी कुठवर येतं?

घर पाहायला गेलो की आपण काय काय पाहतो? ओटा केवढा आहे, देवघराची दिशा कुठली, कपडे वाळत घालायला ऊन येतं की नाही. हे सगळं पाहावंच. पण पाण्याकाठच्या घरात आणखी एक प्रश्न आधी विचारायचा असतो: हे पाणी कुठवर येतं, आणि कुठवर जातं?

पाणी काही भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं चित्र नव्हे, एका जागी थांबायला. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं नि उतरतं. धरणाचं पाणी वर्षातून एकदा भरतं आणि उन्हाळ्यात पार तळाला जातं. आणि नदीचं किंवा गावतळ्याचं पाणी दहा-वीस वर्षं गुण्यागोविंदानं राहून एखाद्या रात्री उंबरा ओलांडतं. आपल्या भगिनीच्या तिन्ही जागा अगदी या तीन तऱ्हांच्या आहेत. तेव्हा एकेक पाहू.

तळ्याला पाठही असते

अंबाझरी म्हणजे नागपूरकरांचा जीव की प्राण. १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवायला म्हणून नाग नदीवर मातीचा बांध घालून हा तलाव केला. आज पिण्याचं पाणी पेंच आणि कन्हानहून येतं. तळं उरलंय ते फिरायला आणि डोळे निववायला. खिडकीतून ते निळं पाणी दिसणार म्हटल्यावर कुणाचंही मन विरघळेल.

पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. नागपूरच्या बायकांना ती सांगायला नको. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सगळं उरकून पाठ टेकली असेल-नसेल, तोच पाऊस सुरू झाला. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं. अंबाझरी सांडव्यावरून भरभरून वाहू लागला, नाग नदीला ते मावेना, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी असल्या चांगल्या बांधलेल्या वस्त्यांत अंधारात पाणी शिरलं. टोंगळाभर म्हणता म्हणता छातीपर्यंत. मोरभवनच्या स्टँडवर बसगाड्या बुडाल्या. सैन्याच्या तुकड्या आणि आपत्ती दलाच्या होड्या येऊन माणसं काढावी लागली. काही जीव गेले, घराबाहेर पडणं न जमलेल्या वृद्धेचाही त्यात अंत झाला. शहरात होडीची गरज पडली ती अशी!

आता यातली नीट लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बहुतेक पाणी शिरलं ते तळं ज्यांच्या खिडकीतून दिसतं त्यांच्याकडे नव्हे, तर बांधाच्या मागल्या बाजूला, सांडव्याखालच्या नदीकाठी, जिथून तळं दिसतसुद्धा नाही अशांकडे. तळ्याला तोंड असतं तशी पाठही असते. बांध कुठे, सांडवा कुठे, आणि सांडव्यावरून निघालेलं पाणी कुठल्या वाटेनं नदीला मिळतं, ही तीन ठिकाणं पायी चालून पाहा. आपलं घर त्या वाटेवर किंवा तिच्या कडेच्या खोलगट भागात येत असेल, तर ते फुकट मिळालं तरी तळमजला घेऊ नका.

पुरानंतर बांधाच्या आणि सांडव्याच्या मजबुतीची, नदीच्या भिंतींची कामं हाती घेतली गेली. ती कुठवर आली आहेत, याची महानगरपालिकेत चौकशी करा. आणि पूररेषेचा नकाशा मागा. आपल्याकडे दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नकोच. निळी आणि लालच्या मधे अटींवर चालतं. घर लालच्या बाहेर असलं म्हणजे रात्री झोप लागते.

शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाहीच, असं मात्र समजू नका हं! दर वर्षी शंभरात एक, एवढी ती शक्यता असते. पुण्याच्या जुन्या पेठांतल्या आजींना १२ जुलै १९६१ विचारा, पानशेत फुटलं तो दिवस. सांगलीत आयर्विन पुलाखालचं पाणी फुटांत मोजतात. ४५ फूट म्हणजे धोका. तिथल्या बायकांनी २००५ च्या पुराची खूण ध्यानात ठेवून सामान त्याच्या वर चढवायची सवय लावून घेतली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि वर चढवलेलं सामानही भिजलं. भिंतीवरची जुनी खूण म्हणजे पाण्यानं दिलेलं वचन नव्हे.

मग खरी माहिती कुणाकडे? दलालाकडे तर नाहीच. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, त्याची तांदळाची पोती भिजलेली असतात. इस्त्रीवाल्याला विचारा. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारा, कुठल्या घरात किती चिखल तिनं उपसला ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? शेजारच्या इमारतीचा विजेचा मीटर किती उंचावर बसवलाय ते पाहा. सगळ्यांनी पुरुषभर उंचीवर नेला असेल, तर न विचारताच उत्तर मिळालं.

आणि होडीचं? अंबाझरी शहराचा तलाव आहे, आपल्या अंगणातली विहीर नव्हे. काठाला फ्लॅट घेतला म्हणून तिथे स्वतःची होडी घालण्याचा हक्क येत नाही. दिवाणखान्यातून पाणी पाहण्याचं सुख तेवढं मिळेल. त्यासाठी किती लाख जास्त मोजायचे, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं.

काठ जेव्हा चालू लागतो

आता दुसरी जागा, जलाशयाकाठचा प्लॉट. असल्या प्लॉटच्या जाहिराती हल्ली नागपूरच काय, पुण्याच्या पवना-मुळशीकडेही भरपूर. फोटोत कुंपणाला पाणी टेकलेलं. फोटो बहुधा ऑक्टोबरातला, कारण पावसाळा सरता सरता धरण काठोकाठ भरतं.

तोच प्लॉट मे महिन्यात पाहा. पाणी शेतीला सुटलं, गावांना गेलं, उन्हानं आटलं. साधा हिशेब सांगते. काठाची जमीन शंभर फुटांना एक फूट इतकी सपाट उतरती असेल, तर पाणी दहा फूट खाली गेलं की काठ हजार फूट दूर जातो. वैशाखात तुमची होडी पाण्यापासून दीड फर्लांग कोरड्या गाळात पडलेली, आणि मधल्या जमिनीवर कुणी काकडी-टरबुजाचा मळा केलेला! ती उघडी पडलेली जमीन गाळपेर म्हणून शेतकऱ्यांना हंगामापुरती देण्याची पद्धतच आहे. त्यांचा त्यावर हक्क आहे, तुमच्या होडीचा नाही.

म्हणून इथे विचारायचं ते असं. पाण्याची पूर्ण भरल्यावरची पातळी कुठवर? त्या रेषेच्या आतली जमीन सरकारनं संपादित केलेली असते. प्लॉट आणि पाणी यांच्यामधली पट्टी कुणाची? सरकारची असेल तर तिच्यातून पाण्यापर्यंत जायची वाट कुठली, आणि ती कागदावर आहे की नुसती तोंडी? 'लोक जातातच की हो' हे उत्तर चालणार नाही. आज जातात, उद्या कुणी कुंपण घातलं की संपलं. सातबारा काढा, इतर हक्काचा रकाना वाचा. जमीन अजून शेतीची असेल तर आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला ती घेता येत नाही. 'एन. ए. होईल' असं सांगणाऱ्याला म्हणावं, होऊ द्या, मग येतो.

आणि होडी घालायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. यंत्राच्या होडीची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणीही हवी. पिण्याच्या पाण्याचा जलाशय असेल तर यंत्राची होडी घालू देतील की नाही, हे आधी लेखी विचारावं. होडीच्या हौसेनं प्लॉट घेतला आणि परवानगी नाही, असं झालं तर यजमानांचा चेहरा कोण पाहील?

भरतीचं गणित पंचांगात

तिसरी जागा खाडीकाठची. माझ्या मते होडीच्या दृष्टीनं हीच सगळ्यात खरी, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालल्या आहेत. गावाला बंदर असतं, धक्का असतो, तर असते. दाभोळ-धोपावेसारख्या ठिकाणी २००३ पासून मोटारीसुद्धा फेरीबोटीतून खाडी ओलांडतात. मुंबईचं म्हणाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या नेणारी रो-रो सुरू झाली, त्यामुळे अलिबागकडची घरं मुंबईकरांना जवळची झाली.

पण खाडी दिवसातून दोनदा रूप बदलते. सकाळी अंगणाशी डुचमळणारं पाणी दुपारी पाहावं तर हातभर चिखल, त्यात खेकडे, आणि कुशीवर कलंडलेली होडी. म्हणून घर दाखवणारा ज्या वेळी बोलावील त्याच वेळी जाऊ नका. तो भरतीलाच बोलावणार!

भरतीची वेळ काढणं अगदी सोपं आहे, कोकणातल्या बायका बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पंचमीला पावणेचार. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि दिवसा जी वेळ तीच साधारण रात्री. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. ठोकळ हिशेब आहे, खाडीत आत जावं तशी भरती आणखी उशिरा पोचते, पण घर पाहायला जाण्यापुरता पुरे. तेव्हा भिंतीवरचं पंचांग बघा आणि मुद्दाम ओहोटीला पोचा. पंचमीला सकाळी दहाला गेलात की धक्क्याची शेवटची पायरी पाण्यात आहे की चिखलात, ते कळेल. पायरी चिखलात असेल तर तुमची होडी दिवसाचे काही तासच चालणार, आणि तेही भरतीच्या मर्जीनं. सकाळी बाजाराला गेलेली होडी दुपारी परत लागायची नाही.

मग एकदा अमावास्येला किंवा पौर्णिमेला जा. तेव्हा उधाणाची भरती असते, पाणी सगळ्यात वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे बेताची. आषाढ-श्रावणातलं उधाण पाहून घेतलंत की त्या घराचं सगळं कळलं. कारण वरून नदीला पूर आणि खालून समुद्राला भरती अशी गाठ पडली, की पाण्याला निघायला वाटच राहत नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी अख्ख्या बाजारपेठेवर चढलं, तेव्हा भरतीनं त्याचा निचरा अडवला होता.

पावसाळ्यात कोकणातल्या लहान होड्या चालतच नाहीत, हेही मनाशी धरा. त्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवतात. नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं होडी पाण्यात लोटत नसत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटीही पावसाळ्यात बंद असतात. म्हणजे वर्षातले तीन-चार महिने होडी नाही. तेवढ्या काळात डॉक्टर, औषध, वाणसामान यांच्यासाठी पक्का रस्ता हवाच. ज्या घराला होडीची वाट आहे पण गाडीची नाही, ते घर साठीच्या जोडप्याचं नव्हे.

शिवाय समुद्र आणि खाडीच्या काठी भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला बंदी किंवा अटी आहेत. १९९१ पासून सीआरझेडचा हा नियम आहे, २०१९ मध्ये त्याची नवी अधिसूचना निघाली. जुनं घर पाडून नवं बांधू, एक मजला चढवू, असं मनात असेल तर आधी परवानगीचं पाहा, मग इसारा द्या. विहिरीचं पाणी वैशाखात चाखून पाहा. पावसाळ्यात गोड लागणारी खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, आणि त्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही.

होडीचा हट्ट, आणि तुमचा हट्ट

यजमानांना होडी हवी, हवीच असू दे. आयुष्यभर कचेरीत मान मोडून काम केलेल्या माणसाची एवढी हौस पुरवावी. पण प्रत्येक हट्टासमोर आपलाही एक हट्ट असावा.

आपला हट्ट हा: होडीत जितकी माणसं, तितकी जीवरक्षक जाकिटं, आणि ती बाकाखाली नव्हे तर अंगात, पट्टे आवळलेली. नातवंडांसाठी लहान मापाची वेगळी घ्या. मोठ्या मापाचं जाकीट पाण्यात पडल्याबरोबर लेकराच्या डोक्यावरून निघून येतं. वारा सुटला की निघायचं नाही, आमच्या विदर्भात उन्हाळ्यातलं दुपारनंतरचं वादळ सांगून येत नाही. होडीत उभं राहून फोटो काढायचे नाहीत. आणि होडी उलटलीच तर तिला धरून राहायचं, काठ जवळ दिसला तरी पोहत सुटायचं नाही, कारण उलटी लाकडी होडीसुद्धा तरंगते आणि दमलेला माणूस तरंगत नाही.

भीती घालायला सांगत नाही. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुण मुलांची होडी उलटली. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत एकाच होडीतले अकरा जण गेले. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते ते. दोन्ही वेळा घरून निघताना कुणाला वाटलं असेल का?

आणि ती समासातली ओळ. बाई गं, पोहायला शिक! पन्नाशी उलटली म्हणून काय झालं? नागपुरात पोहण्याचे तलाव आहेत, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवणारेही आहेत. घराचे पैसे देण्याआधी तीन महिने शिकवणी लाव. पाठीवर पडून दहा मिनिटं तरंगता आलं तरी पुष्कळ झालं. ज्या पाण्याची भीती वाटते त्याच्या काठी राहणं म्हणजे सासुरवास. ज्याची ओळख झाली त्याच्या काठी राहणं म्हणजे माहेर.

घरातल्या बारीकसारीक गोष्टी

पाण्याकाठचं घर रोज कसं वागतं, हे घेण्याआधी ठाऊक असावं. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. बिजागऱ्या, कड्या, खिडक्यांचे गज वर्षा-दोन वर्षांत गंजतात. तिथे पितळ किंवा स्टेनलेस स्टील घाला. लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, मीठ-साखर यांना ओल लागते. घट्ट झाकणाचे डबे आणि उंच फडताळ हवं. पैठण्या-शालू कपाटाच्या खालच्या कप्प्यात नकोत, बुरशी धरते. दर महिन्याला हवा द्यावी. फोटोंचे अल्बम, मुलांच्या मार्कशीटा, घराची कागदपत्रं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. पूर आला तर हाताला पहिल्यांदा तीच पिशवी लागली पाहिजे.

गावतळ्याकाठी जलपर्णी आणि सांडपाणी असेल तर संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही, एवढे डास. घर पाहायला एकदा दिवेलागणीला जाऊन या. काठाला गवत माजलं असेल तर सापकिरडूही आलंच. विजेची बटणं, फ्रिजचा प्लग, पाण्याचा पंप जमिनीपासून उंच घ्या. तळमजल्यावर स्वयंपाकघर आलं तर ओट्याखाली लाकडी कपाट करू नका, दगडी फळ्या घाला, धुऊन काढता येतात.

कागद आणि नाव

विमा उतरवा. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आगीबरोबर वादळ आणि पुरानं घराचं होणारं नुकसान तिच्यात धरलेलं आहे. इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामानही आपोआप, इमारतीच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, त्यात येतं. दागिन्यांचं वेगळं सांगावं लागतं. घरातल्या वस्तूंचे फोटो काढून मुलीला पाठवून ठेवा, दाव्याच्या वेळी उपयोगी पडतात.

आणि हो, घर तुमच्या नावानं घ्या की! महाराष्ट्रात २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसा तर वाचतोच. पण खरेदीखतावर सही तुमची लागणार म्हटलं, की घर पाहायला चारदा जाण्याचा तुमचा आग्रहही कुणी हसण्यावारी नेत नाही.

मग काय करावं?

आमच्या भगिनीला माझं सांगणं असं. प्रतापनगरचा फ्लॅट इतक्यात विकू नका. तो भाड्यानं द्या, आणि त्या भाड्यात यंदाचा एक पावसाळा पाण्याकाठी, जिथे मन ओढ घेतंय तिथे, भाड्याचंच घर घेऊन राहून पाहा. आषाढातलं उधाण, भाद्रपदातली झड, चिखलातून दूध आणायला जाणं, वीज गेलेली रात्र, हे सगळं अनुभवा. त्यानंतरही आवडलं तर ते खरं आवडलं. यजमानांची होडीची तहान तोवर भागवायची असेल तर रामटेकजवळ खिंडसीला होड्या आहेत. रविवारी डबा बांधून जा.

आणि घ्यायचंच ठरलं, तर जुन्या माणसांची रीत पाळा. वैनगंगेकाठच्या ढीवरांची वस्ती पाहा, कोकणातलं एखादं जुनं गाव पाहा. होड्या पाण्याला लागून, आणि राहती घरं वर, चढावर, चिऱ्याच्या उंच जोत्यावर. मधे दहा मिनिटांची पायवाट. पाण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांनी घर पाण्यात मांडलं नाही. त्यांना पाण्याची माया नव्हती थोडीच? त्याचा स्वभाव ठाऊक होता, एवढंच. खिडकीतून दिसणारं पाणी लाखांनी महाग असतं. पायवाटेच्या टोकाशी सापडणारं पाणी पुष्कळ स्वस्त पडतं, रोज चालणंही होतं, आणि पावसाच्या रात्री ते आपल्या जागी असतं, आपण आपल्या जागी.

तेव्हा जागा ठरवताना चार वेळा जायचं, हे कात्रण कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा: एकदा मे महिन्यात, एकदा भर पावसात, एकदा अमावास्येच्या भरतीला आणि एकदा दिवेलागणीला. चारही वेळा यजमानांना बरोबर न्या. आणि चौथ्या खेपेला, त्यांनी काही बोलायच्या आधी, तुम्ही स्वतः पायवाटेनं चालत पाण्यापर्यंत जाऊन या. परत वर येताना धाप लागली नाही आणि मनात धाकधूक राहिली नाही, तर खुशाल इसारा द्या.

प्रतापनगरच्या ताई, तरंगायला शिकलात की मला कळवा बरं का. त्या पत्राची मी वाट पाहीन.